रिचर्ड्स : कडा आणि कविता

आय. ए. रिचर्ड्स (१८९३-१९७९) यांचे नाव साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना मुख्यतः अर्थविचार आणि आस्वादाचे मानसशास्त्रीय विवेचन यांमुळे परिचित आहे. ते गिर्यारोहक होते, हा उल्लेख चरित्रपर टिपणांत येतो तो एखाद्या छंदाची नोंद करावी तसा. वस्तुतः त्यांची समीक्षादृष्टी आणि त्यांची अध्यापनपद्धती या दोहोंचे मर्म या छंदाच्या आधारे जितके उलगडते, तितके त्यांच्या मानसशास्त्रीय परिभाषेने उलगडत नाही.

तरुणपणी क्षयरोगाने गाठलेल्या रिचर्ड्सना वेल्सच्या डोंगरांत प्रकृतीबरोबरच प्रस्तरारोहणाची गोडीही लाभली. १९१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावर व्यावसायिक वाटाड्या व्हावे असा त्यांचा बेत होता. त्यासाठी शिफारसपत्रे मागण्यास ते केंब्रिजमधील मॅन्सफील्ड फोर्ब्स यांच्याकडे गेले आणि फोर्ब्स यांनी त्यांना इंग्रजी साहित्यावर व्याख्याने देण्यास प्रवृत्त केले. कड्यावरचा वाटाड्या असा कवितेचा वाटाड्या झाला; पण पर्वत सुटला नाही. जुलै १९२८ मध्ये, पत्नी डोरोथी पिली आणि जोझेफ व अँत्वान जॉर्ज हे वाटाडे यांच्यासह, त्यांनी स्वित्झर्लंडमधील डाँ ब्लाँश शिखराची उत्तर धार प्रथमच सर केली. त्या चढाईचे नेतृत्व जोझेफ जॉर्ज यांचे होते. व्याख्यानगृहातील हा गुरू पर्वतावर दुसऱ्याच्या मागून दोर धरून चढत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कवीचे नाव व काळ न सांगता तेरा कविता वाचकांच्या हाती द्यावयाच्या, त्यांना पुरेसा अवधी द्यावयाचा आणि त्यांनी लिहून दिलेले अभिप्राय तपासावयाचे, असा हा प्रयोग होता. डन आणि हॉपकिन्स यांच्या कविता अनेकांनी नापसंत केल्या. लाँगफेलोची कविता तर बहुतेकांनी झिडकारली. या अभिप्रायांचा उपहास करणे सोपे होते. रिचर्ड्सनी त्यांची कारागिराच्या चिकाटीने छाननी केली. वाच्यार्थच न कळणे, अप्रस्तुत आठवणींनी वाहवत जाणे, ठरीव प्रतिसाद, भावविवशता, स्वतःच्या मतांचा आग्रह असे दोष त्यांनी एकेक करून वेगळे केले. उभ्या कड्यावर हाताशी आलेला दगड भक्कम दिसतो एवढ्यावरून त्याच्यावर भार टाकता येत नाही. तो हलवून, चाचपून पाहावा लागतो. शब्दाशी रिचर्ड्स यांचे वर्तन असेच आहे. अर्थ, भावना, सूर आणि हेतू ही त्यांची चतुर्विध विभागणी म्हणजे भार टाकण्यापूर्वी केलेली चाचपणीच होय.

तथापि कडा आणि कविता यांत एक मूलभूत भेद आहे. कड्यावर चुकीचा आधार तत्क्षणी निसटतो. कवितेत चुकीच्या अर्थावर उभा राहिलेला वाचक आपण शिखरावर आहोत अशा समजात सुखाने घरी परततो. वाचनाला शिक्षकाची गरज आहे ती याचसाठी. हा शिक्षक शिष्याला खांद्यावर घेऊन चढत नाही. तो दोर सांभाळतो. विल्यम एम्पसन या विद्यार्थ्याने एका सुनीतातून अर्थांचे ढीग काढून दाखविले, तेव्हा रिचर्ड्सनी त्याला आवरले नाही; ते काम पुढे नेण्यास सांगितले. त्यातून १९३० मध्ये ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. शिष्याला स्वतःच्या वाटेने जाऊ देणे, हीच या गुरूची थोरवी.

गिर्यारोहणाचा हाच दाखला रिचर्ड्स यांच्या पद्धतीची मर्यादाही दाखवितो. कोणताही जाणता गिर्यारोहक ऋतू, हवामान आणि पूर्वसूरींच्या वाटा यांची चौकशी केल्यावाचून पर्वताला हात घालीत नाही. नाव आणि काळ काढून घेतलेली कविता म्हणजे हवामान अज्ञात असलेला पर्वत होय. मराठी वाचकाला हे विशेष जाणवेल. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांत कवीचे नाव अखेरच्या चरणातच गुंफलेले असते. ती नाममुद्रा काढली तर केवळ माहिती वगळली जात नाही, अभंगच उसवतो. बोलणारा कोण, हे तेथे अर्थाचेच अंग आहे. अर्थात रिचर्ड्स यांच्या लेखी हा प्रयोग वाचनातील व्याधींचे निदान करण्यासाठी होता. पुढे वर्गावर्गांतून त्या निदानालाच आहार मानले गेले, हा दोष अनुयायांचा अधिक.

उलटपक्षी, कवीचे नाव ऐकताच मान डोलवावी आणि टिपणवहीतील अभिप्राय परीक्षेत उतरवावा, ही जी सवय भारतीय विद्यापीठांतून आढळते, तिच्यावर रिचर्ड्स यांच्याइतका कठोर उतारा दुसरा नाही. ‘प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम’ (१९२४) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या पुस्तकाला मागाची उपमा दिली. माग स्वतः वस्त्र नव्हे. विणणाऱ्याने त्यावर बसावे लागते. त्यांचे अनेक सिद्धान्त, विशेषतः मज्जासंस्थेच्या भाषेत मांडलेले, आज जीर्ण झाले आहेत. परंतु प्रत्येक शब्दावर भार टाकण्यापूर्वी तो पारखून घेण्याची त्यांनी लावलेली शिस्त जीर्ण झालेली नाही, आणि ती ज्याची त्याने आपल्या हातांनीच कमवावी लागते.