इफकॉन्फिगचं प्रॅक्टिकल आणि न दिसलेला पत्ता

डोंबिवलीत बीएस्सीला असताना नेटवर्किंगचं पहिलं प्रॅक्टिकल सोपं होतं. टर्मिनल उघडायचं, 'इफकॉन्फिग' टाइप करायचं, आउटपुट जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची. आता पीएचडीची तयारी करणारे कल्याण-ठाण्याचे ज्युनिअर तेच जर्नल पाठवून विचारतात, "दादा, एवढं पुरेल ना?" परीक्षेला पुरेल. रिसर्चला नाही. का, ते सांगतो.

लॅबमधल्या डेटा लॉगरशी जोडायला लिनक्स मशीनच्या पोर्टला १०.०.०.५/२४ हा पत्ता द्यायचा होता. 'आयपी ॲडर ॲड' ही कमांड दिली. सवयीने 'इफकॉन्फिग'ने तपासलं, तर जुनाच १९२.१६८.१.२० दिसला. कमांड पुन्हा दिली, तर एरर आली की हा पत्ता आधीच आहे! एक म्हणतंय नाही, दुसरं म्हणतंय आहे. माझी अख्खी दुपार केबली बदलण्यात गेली.

प्रत्यक्षात दोन्ही पत्ते पोर्टवर होते. 'ॲड' म्हणजे भर घालणं. त्याने जुना पत्ता जात नाही. लिनक्समध्ये एका इंटरफेसला अनेक पत्ते देता येतात. पण 'इफकॉन्फिग' कर्नलला जुन्या पद्धतीने विचारतं आणि एका नावामागे एकच आयपीव्ही४ पत्ता दाखवतं. 'आयपी' कमांड नेटलिंकमधून विचारते, म्हणून तिला सगळे दिसतात.

'इफकॉन्फिग' १९८३च्या ४.२ बीएसडीमधलं. मॅक आणि बीएसडीवर ते आजही रीतसर चालतं, त्यामुळे ते वाईट म्हणणं चूक. पण लिनक्सवर त्याचं स्वतःचंच मॅन्युअल त्याला कालबाह्य म्हणतं, आणि २०१७च्या डेबियन ९पासून ते मूळ इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही.

'आयपी'ही काही गुणाची पुतळी नाही. तिचं आउटपुट नवख्याला गचडी वाटतं. '-बीआर' लावलं की एका इंटरफेसची एक ओळ मिळते. मास्क विसरलात तर ती गुपचूप /३२ धरते. त्याच चुकीवर 'इफकॉन्फिग' १०ने सुरू होणाऱ्या पत्त्याला /८ धरतं. म्हणजे चूक एकच, पण नेटवर्क दोन वेगळी. आणि कुठल्याही कमांडने केलेला बदल रीबूटनंतर उरत नाही. तो टिकवायचा तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावा लागतो. उबुंटू सर्व्हरवर ती नेटप्लॅनची फाइल.

माझी खरी तक्रार कमांडबद्दल नाही, जर्नलबद्दल आहे. ते आउटपुट उतरवायला शिकवतं. ते आउटपुट काय दाखवत नाही, हे विचारायला शिकवत नाही. थर्मामीटर वापरण्याआधी आपण त्याची रेंज बघतो ना? कमांडसुद्धा मोजण्याचं साधनच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी जर्नलमध्ये तीन गोष्टी लिहा: बदलाआधीची स्थिती, मास्कसकट दिलेली पूर्ण कमांड, आणि बदलानंतरची स्थिती. सहा महिन्यांनी रीडिंग चुकीची निघाली, तर गाइडसमोर ठेवायला तेवढाच पुरावा हाताशी असतो.