निबंध लिहितो कोण?

दिवाळीची सुट्टी ही मुलांची सुट्टी असते, असा एक गोड समज आहे. वस्तुतः घरात नववी-दहावीचे किंवा अकरावीचे मूल असले, की चकलीचा सोऱ्या आणि प्रकल्पाची वही ही दोन्ही एकाच सुमारास बाहेर निघतात, आणि दोन्ही बहुधा आईच्याच हाती येतात. वडील रंगीत चित्रे मिळवून आणतात, थोरला भाऊ मोबाइलवरून मजकूर उतरवून देतो, ताई वळणदार अक्षरात मथळे काढते, आणि ज्याच्या नावाने हा सारा यज्ञ चालला आहे तो यजमान शेवटी मुखपृष्ठावर आपले नाव व हजेरी क्रमांक घालतो. शाळा उघडल्यावर ती वही तपासली जाते, तिला गुण मिळतात आणि ती कपाटात जाते. कोणाचेच काही बिघडत नाही. मात्र ज्या एका गोष्टीसाठी हा खटाटोप योजिला होता, ती तेवढी घडत नाही. मुलाला एखादा प्रश्न पडावा, त्याने तो स्वतः हिंडून, वाचून, विचारून सोडवावा आणि मिळालेले उत्तर आपल्या भाषेत नीट मांडावे, ही ती गोष्ट.

आपल्याकडे निबंध हा शब्द एके काळी मोठ्या वजनाचा होता. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली, तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते. सात वर्षे आणि चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने लिहून काढणाऱ्या या शिक्षकाची मते आज कोणाला पटोत वा न पटोत, पण निबंध म्हणजे विषयाला भिडणे, पुरावा मांडणे, प्रतिपक्षाला उत्तर देणे, हे त्याने मराठी वाचकाच्या मनावर ठसविले. तोच शब्द पुढे शाळेच्या वेळापत्रकात शिरला आणि हळूहळू आक्रसत गेला. ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी मुख्याध्यापक झालो तर’ ही त्याची आजची रूपे. या विषयांची थट्टा करणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. दुसऱ्याच्या अंतरंगात शिरून बोलणे ही कल्पनाशक्तीची चांगली तालीम आहे. परंतु महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्या जर एकाच डोंगरात उगम पावून, एकाच सुरात खळखळून, प्रदूषणाविषयी एकच वाक्य बोलून समुद्राला मिळू लागल्या, तर ती कल्पना कोणाची म्हणावयाची? मार्गदर्शिकेची. वैनगंगेच्या काठचा मुलगा जेव्हा सह्याद्रीतून समुद्राकडे धावणारी नदी रंगवितो, तेव्हा आपल्या दाराशी वाहणारी नदी त्याने पाहिलेली नाही, एवढेच त्या निबंधातून सिद्ध होते.

ही उणीव भरून काढण्यासाठीच प्रकल्प आला, असे म्हणावयास हरकत नाही. पर्यावरण शिक्षण, जलसुरक्षा या विषयांच्या निमित्ताने तो माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांत रुळला. त्याचा साचा पाहिला तर त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, ऋणनिर्देश, संदर्भ अशी ती चढती पायरी आहे. दोष आहे तो पायऱ्या चढण्याच्या रीतीत. बहुतेक वह्यांत निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. ‘पाणी जपून वापरले पाहिजे’ हे कळण्यासाठी कोणत्या मुलाला सहा महिने लागतील? निष्कर्ष ठाऊक असला, की निरीक्षणे त्याच्या मापाने बेतली जातात, आणि मग ती घरी बसून बेतली काय किंवा तळ्यावर जाऊन बेतली काय, सारखेच. आता तर यंत्राला सांगितले की ते पळभरात चार पानांचा नेटका मजकूर हाती ठेवते. पुष्कळांना याची भीती वाटते; मला ती तितकीशी वाटत नाही. जो प्रकल्प यंत्राला इतक्या सहज लिहिता येतो तो मुलाने लिहिण्याजोगा पूर्वीही नव्हता. यंत्राने ते उघड केले इतकेच.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. १९६८ साली जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलोरिएट नावाची परीक्षा-संस्था स्थापन झाली. तिच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला एक दीर्घ निबंध लिहावा लागतो. मुंबई-पुण्याच्या काही शाळांत, आणि पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात १९९७ पासून चालणाऱ्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजात, मुले हा निबंध लिहितात. मर्यादा चार हजार शब्दांची. विषय मुलानेच निवडावयाचा, प्रश्न त्यानेच घालावयाचा. त्यासाठी सुमारे चाळीस तासांचा अभ्यास धरलेला असतो. एक शिक्षक ठरावीक भेटींत त्याच्याशी बोलतो, वाट दाखवितो, पण लेखणी हाती घेत नाही. शेवटी तो मुलाला जवळ बसवून त्या कामाविषयी तोंडी विचारतो.

या शाळांचे शुल्क ऐकले तर आमच्यासारख्यांचे डोळे पांढरे होतात, आणि ‘ही श्रीमंतांची खेळणी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण नीट पाहिले तर त्या निबंधाच्या योजनेत पैशाला फारसा वाव नाही. एक प्रश्न, एक ऐकून घेणारा माणूस, पुरेसा अवधी आणि शेवटी एक खरीखुरी मुलाखत, एवढेच तिचे भांडवल. चाळीस तास म्हणजे तरी किती? दिवाळीपासून होळीपर्यंत आठवड्याला दोन तास. तेवढे वरठीच्या मुलाजवळही असतात.

वरठीचेच घेऊ. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातले हे गाव, पण स्टेशनाच्या पाटीवर नाव ‘भंडारा रोड’. भंडारा शहर येथून दहा-अकरा किलोमीटर दूर. तेव्हा येथल्या मुलाला सहज पडावा असा प्रश्न हा, की रेल्वे जिल्ह्याच्या गावाला न जाता वरठीवरून का गेली? गावात याला अनेक उत्तरे मिळतील. कोणी म्हणेल, मँगनीजच्या खाणींसाठी. कोणी म्हणेल, कारखान्यासाठी. येथेच खऱ्या निबंधाला आरंभ होतो, कारण या उत्तरांना तारखेची कसोटी लावता येते. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन १८८२ साली राजनांदगावला पोहोचली होती. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन रुंद केली. मध्य प्रांतात मँगनीज खणण्यास सुरुवात झाली ती एकोणिसावे शतक संपता संपता, आणि वरठीचा पोलादाचा कारखाना तर आला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. जे अजून जन्मलेच नव्हते त्याच्यासाठी रूळ कसे टाकले जातील? दोन उत्तरे गळाली. आता मुलाला नकाशा उघडावा लागेल, नागपूर-राजनांदगाव ही सरळ रेघ कोठून जाते ते पाहावे लागेल, वैनगंगा कोठे ओलांडणे सोयीचे होते ते पाहावे लागेल, आणि १९०८ सालचे जिल्हा गॅझेटियर चाळावे लागेल. त्याचे अंतिम उत्तर कच्चे राहिले तरी बिघडत नाही. गावात सर्वमान्य असलेली गोष्ट तारखेपुढे टिकत नाही, हा अनुभव त्याला एकदा आला, की तो पुढे आयुष्यभर वर्तमानपत्र वेगळ्या डोळ्यांनी वाचील.

दुसरा विषय याहूनही जवळचा, तलावाचा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भातले हे सहा-सात हजार तलाव पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात होते, आणि त्यांतले कितीतरी कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे. ‘तलावांचे महत्त्व’ हा विषय घेतला तर त्यावर कोणीही, कोठेही बसून लिहू शकतो. पण ‘आमच्या गावच्या तलावाचे पाणी १९५१ पूर्वी कोण वाटीत असे आणि आज कोण वाटतो?’ असा प्रश्न केला, की घरी बसण्याची सोय राहत नाही.

या प्रश्नासाठी काय काय पाहावे लागेल? तलाठ्याकडे सातबारा. गावचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, सरपणावरचे हक्क आणि रूढी या कागदांत लिहिलेल्या असतात, आणि आमच्या भागाचा हा अमोल ठेवा क्वचितच कोणा विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडतो. मग तलावाखाली धान लावणारा म्हातारा शेतकरी, मासेमारी करणारा ढिवर, ग्रामपंचायतीतला माणूस. तिघांचे म्हणणे एकमेकांशी जुळणार नाही. शेतकऱ्याला पाणी सोडून हवे असते, ढिवराला ते साचून हवे असते. विसंगती दिसली की आमची मुले घाबरतात आणि त्यांतले एक म्हणणे गुपचूप गाळून टाकतात. त्यांना सांगावयाचे ते हे, की बाळांनो, जेथे दोन साक्षी जुळत नाहीत तेथेच तुमचे निबंधाचे काम सुरू होते.

आता योजनेविषयी दोन शब्द. विषय निवडणे आणि प्रश्न घालणे यांत फरक आहे. विषय ताटभर असतो. प्रश्न एका घासाचा असावा. प्रश्न पक्का करण्याआधी साधने हाताशी आहेत की नाहीत ते पाहून घ्यावे. ज्या उत्तरासाठी लंडनचे दफ्तर धुंडाळावे लागेल तो प्रश्न दहावीच्या मुलाला नको. पहिला महिना चौकशीत जावा. पुढचे दोन महिने टिपणांचे. प्रत्येक टिपण वेगळ्या कागदावर असावे, आणि कोणी सांगितले, कोठे वाचले, कोणत्या तारखेला, हे त्याच्या माथ्यावर असावे. मग कच्चा खर्डा, आणि तो आठ दिवस बाजूला ठेवणे. आठ दिवसांनी आपले लिखाण परक्यासारखे वाचता येते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. पाहुणा कोण हे कळल्याशिवाय त्याची ओळख कशी करून देणार?

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. वर्गात साठ मुले, शिक्षक एक. साठ प्रश्न तो कोठून पुरवील आणि साठ मुलाखती केव्हा घेईल? उत्तर असे, की साठ प्रश्न नकोतच. एका तलावाचे पंधरा प्रश्न होतात, आणि चार-चार मुलांची एक टोळी एकेक प्रश्न उचलू शकते. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन अशाच छोट्या गटांत काम करीत आली आहेत. त्याही आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्याच विदर्भात, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती आणि हातच्या कामातून, भोवतालच्या जगातून शिकण्याचा विचार देशापुढे मांडला गेला होता. तो विचार पुढे का रोडावला, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणावयाचे, की ही कल्पना जिनिव्हाहून उसनी आणावी लागते, असे मुळीच नाही.

शिवाय संशोधकाचा नमुना पाहिजे असेल तर तोही घरचाच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, जुनी दफ्तरे उपसून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड उभे केले. पहिला खंड १८९८ चा. आमच्या भंडारा जिल्ह्यात डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द वेचून तिचा कोश सिद्ध केला. ज्या बोलीला शहरी कान ‘अशुद्ध’ म्हणत होते, तिच्यात केवढे धन आहे ते त्यामुळे उघड झाले.

बोलीचा हा धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तलावावर जाऊन आलेला मुलगा ‘बोडी’ लिहील, ‘बांधी’ लिहील, ‘तुडूम’ लिहील. बोडी म्हणजे लहान तळे, बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडण्याची जागा. प्रमाण मराठीत यांना नेमके शब्द नाहीत, कारण हा व्यवहारच येथला आहे. अशा वेळी तपासणाऱ्याची लाल शाई काय करते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तिने ‘बोडी’ खोडून ‘जलाशय’ केले, की मुलगा एका क्षणात समजतो की शाळेला त्याचे पाहिलेले नको आहे, पाठ केलेले हवे आहे. पुढच्या वर्षी तो मुकाट्याने पाठ केलेले आणून देतो, आणि आपण त्याला ‘भाषा सुधारली’ म्हणून शाबासकी देतो. गावात हे शब्द जाणणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्यापाशी बसून विचारावयाचे तर आताच, आणि ते विचारण्यास नातवांइतका योग्य माणूस दुसरा नाही.

म्हणून या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. प्रकल्पाची वही मुलाच्या हातात राहू द्यावी, मग अक्षर वाकडे आले तरी चालेल. फराळाला आलेल्या आजी-आजोबांकडे त्याला कागद-पेन्सिल देऊन पाठवावे. तो हात हलवीत परत आला आणि ‘आजोबांचे आणि पुस्तकाचे जुळत नाही’ म्हणाला, तर पुस्तक खरे की आजोबा खरे, हे त्याला सांगून टाकण्याची घाई करू नये. ‘मग आता तू काय करशील?’ एवढेच विचारावे. शाळा उघडल्यावर शिक्षकांनीही त्याला तेच विचारावे.