खेळ कळला तरच फोटो बोलतो

१४ डिसेंबर १९६०, ब्रिस्बेन. ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडीज कसोटीचं शेवटचं, आठ चेंडूंचं षटक. सातव्या चेंडूवर जो सोलोमनने थेट फेकीने यष्टी उडवली, इयान मेकिफ धावचीत झाला आणि कसोटी क्रिकेटमधला पहिला सामना ‘टाय’ झाला. मेलबर्नच्या ‘द एज’ दैनिकाचे छायाचित्रकार रॉन लोविट यांच्याकडे तेव्हा एकच प्लेट उरली होती. ती त्यांनी राखून ठेवली आणि नेमक्या क्षणी वापरली. उडालेली यष्टी, क्रीझपर्यंत न पोचलेला फलंदाज, आनंदाने उसळलेले क्षेत्ररक्षक. घटना आणि तिचा परिणाम, दोन्ही एकाच चौकटीत आले. म्हणूनच तो फोटो आजही जिवंत वाटतो.

आता सेकंदाला १२० चित्रं टिपणारे कॅमेरे आले आहेत. फोकस आपोआप डोळ्यावर बसतो. तांत्रिकदृष्ट्या फसलेला फोटो आज क्वचितच छापला जातो, तरी लक्षात राहणारे फोटो त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. शतकानंतर उंचावलेली बॅट, गोलनंतरची आरोळी, चषकाभोवतीची गर्दी असे साचे ठरून गेले आहेत. यात खेळानंतरचा जल्लोष दिसतो, पण खेळ दिसत नाही. वेगवान कॅमेऱ्यामुळे क्षण निसटत नाही हे खरं. पण कोणत्या क्षणाला अर्थ आहे, हे माणसालाच ठरवावं लागतं.

त्यासाठी खेळाडूची सवय ठाऊक हवी. २९ जुलै २०२४ रोजी ताहितीच्या तेआहुपो इथे ऑलिम्पिक सर्फिंगमध्ये गॅब्रिएल मेदिना लाटेच्या पोटातून बाहेर येताना छायाचित्रकार जेरोम ब्रुइए यांना दिसतच नव्हता. ते लाटेच्या मागच्या बाजूला, बोटीत होते. पण चांगली लाट साधली की मेदिना शेवटी हवेत झेपावतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांना मोजक्या फ्रेम मिळाल्या. त्यांतल्या एकीत मेदिना हाताचं बोट उंचावून हवेत ताठ उभा आहे आणि त्याचा बोर्डही शेजारी तसाच उभा.

जागाही तितकीच निर्णायक ठरते. १९६५ साली लुइस्टनमधल्या मुष्टियुद्धाच्या लढतीत कोसळलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा नील लायफर यांनी टिपलेला फोटो नीट पाहावा. अलीच्या पायांमधून पलीकडे दुसरा छायाचित्रकार दिसतो. तोही अनुभवी, पण त्याच्यासमोर अलीची पाठ होती. हा फोटो त्या आठवड्याच्या ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर मात्र आला नाही. चांगल्या फोटोला पारखी संपादकही लागतो.

गती गोठवणं हा एकच मार्ग नाही. रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत कॅमेरून स्पेन्सर यांनी शटर मंद ठेवून कॅमेरा धावपटू बोल्टसोबत फिरवला. बाकीचं सगळं पुसट झालं आणि बोल्टचं हसू ठसठशीत उमटलं. अंतर किती पडलंय, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं.

हे सगळं आपल्या खेळांनाही लागू आहे. खो-खोतला खांबावरचा सूर आठवा. आक्रमकाचा एक हात खांबाला, शरीर जमिनीला समांतर, दुसऱ्या हाताची बोटं पळणाऱ्याच्या टाचेपासून इंचभर दूर, आणि मागे पाटीवर आलटून पालटून उलट दिशांना तोंड करून बसलेले गडी. हे टिपायला खांबाजवळ जमिनीलगत बसावं लागतं आणि सूर कधी पडणार, याचा अंदाज असावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवलं आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तरी आपल्या पानांवर खो-खो आणि कबड्डीच्या वाट्याला बहुतेकदा चषकासह रांगेत उभा संघच येतो.

संपादकांनी छायाचित्रकाराला बक्षीस समारंभापुरतं न पाठवता नाणेफेकीपासून मैदानावर बसवावं, आणि सूर, पकड, चढाईचे फोटो पानभर छापावेत. आपले खेळ त्या जागेचे हक्कदार आहेत.