ऑटोस्विच : आज्ञा आणि अवस्था

हार्डवेअर आणि फर्मवेअर यांच्या सांध्यावर गॅरी स्ट्रिंगहॅम यांनी इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला आहे. मराठीत या सांध्याला रुळलेले नावही नाही; पण तो पाहायचा तर बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडावी.

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. अंधारात साप-विंचवांतून जायला नको म्हणून शेतकऱ्याने ऑटोस्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. महावितरण वेळोवेळी सांगते, तो काढा आणि कॅपॅसिटर बसवा. दोघांचेही खरे आहे. चुकली आहे ती रचना.

63 केव्हीएचे रोहित्र, म्हणजे आपला डीपी, सुमारे 84 अँपिअरचे. 5 अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. दहा मोटरींचे 75, म्हणजे निभते. पण थेट सुरू होताना मोटर पाच ते सात पट ओढते. दहाही एकदम उठल्या की मागणी साडेचारशेच्या घरात. फ्यूज उडतो, कोणी जाड तार टाकतो, आणि मग रोहित्रच जळते. सगळ्या पेट्यांत सारखाच दहा सेकंदांचा थांबा ठेवला, तर गर्दी फक्त दहा सेकंद पुढे सरकते. थांबा पेटीगणिक वेगळा हवा. मायक्रोकंट्रोलर असेल तर तो अनुक्रमांकावरून ठरवता येतो. जादा सुटा भाग लागत नाही.

मोबाइल स्टार्टरचा दोष याहून खोल आहे. 'मोटर चालू' असा निरोप येतो; पण कशावरून? स्वस्त रचनेत फर्मवेअर स्वतःच दिलेली आज्ञा वाचून तेच सांगते. कॉन्टॅक्टरची कॉइल जळालेली असली तरी निरोप तोच. आज्ञेचा बिट वेगळा आणि अवस्थेचा वेगळा हवा, आणि अवस्था तारेतल्या प्रत्यक्ष प्रवाहावरून ठरायला हवी. यात काटकसर करणे मला अक्षम्य वाटते.

एक फेज क्षणभर जाऊन परतला आणि फर्मवेअर तेव्हा एसएमएस पाठवण्यात गुंतले असेल, तर ती घटना हार्डवेअरने धरून ठेवली पाहिजे. फर्मवेअर मुद्दाम पुसेपर्यंत ती टिकावी. वाचताक्षणी पुसली जाणारी नोंद घातक. तपासणीसाठी कोणी वाचली तरी पुरावा गेला.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे थांबण्याचे कारण. वीज गेली म्हणून थांबलेली मोटर आणि पाणी संपले म्हणून थांबवलेली मोटर यांतला फरक वीज गेल्यावरही पुसला न जाणाऱ्या स्मृतीत लिहायला हवा. तो लिहिला नाही, तर रात्री कोरड्या विहिरीमुळे थांबवलेली मोटर पहाटे लाईट आली की पुन्हा कोरडीच फिरू लागते, आणि रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो.