एका शब्दाची उमेदवारी

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी बहिणीच्या घरी भाचीला ‘बघायला’ मंडळी आली होती. ‘बघायला’ म्हणण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. मुलगा-मुलगी आधीच फोनवर बोललेली असतात, एखाद्या उपाहारगृहात भेटलेलीही असतात, आणि वडीलधाऱ्यांनी पोह्यांच्या बशीवर शिक्कामोर्तब तेवढे करायचे असते. मुलाच्या आई कौतुकाने म्हणाल्या, “आमचा चिरंजीव भारी महत्त्वाकांक्षी हो! नोकरीत मन रमत नाही, स्वतःचा कारखाना काढायचा म्हणतो.” आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मग भाचीला विचारणा झाली. ती नुकतीच शस्त्रक्रियेत एम.एस. झालेली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आणखी 3 वर्षांचे शिक्षण घ्यायचे आहे, असे तिने सरळ सांगितले. पोहे संपले, चहा झाला, मंडळी हसतमुखाने गेली. दोन दिवसांनी निरोप आला : “मुलगी गुणी आहे, पण जरा महत्त्वाकांक्षी वाटते.”

शब्द तोच, तोंडही तेच. मधे फक्त ‘पण जरा’ येऊन बसले होते. बहीण रडवेली झाली, मेहुणे संतापले, आणि मी, जन्मभर भाषा शिकवण्याची खोड असल्यामुळे, कोश उघडून बसलो.

इंग्रजांचा ‘अ‍ॅम्बिशन’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘सभोवार हिंडणे’. प्राचीन रोममध्ये अधिकारपदासाठी उभा राहणारा गृहस्थ चौकात हिंडे, भेटेल त्याचा हात हातात घेई, नावाने हाक मारी आणि मत मागे. या हिंडण्याचे नाव ‘अँबिशिओ’. हिंडताना अंगावरचा झगा खडूने पांढराशुभ्र केलेला असे. लॅटिनमध्ये शुभ्राला ‘कँडिडा’ म्हणतात, त्यावरून तो माणूस ‘कँडिडेट’ झाला. शुभ्र वस्त्रांचा आणि मतांच्या याचनेचा हा ऋणानुबंध इतका पुराणा आहे, हे कळल्यावर मला आपल्याकडच्या कडक इस्त्रीचे रहस्य उमगले! त्याच धातूवरून निघालेला ‘अँबिटस’ हा दुसरा शब्द मात्र थेट गुन्ह्याचे नाव ठरला : लाच देऊन मते मिळवणे. इ.स.पूर्व 63 मध्ये सिसेरोने या गुन्ह्याला 10 वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठरवणारा कायदा करवून घेतला, आणि त्याच वर्षी त्याच आरोपाखाली सापडलेल्या मुरेनाचे वकीलपत्रही घेतले. वकिलांचे असेच असते, असो.

म्हणजे या शब्दाला जन्मापासून रस्त्यावरची धूळ लागलेली आहे. इतर भाषांनीही त्याच्याकडे संशयानेच पाहिले. जर्मनांनी ‘मान’ आणि ‘हाव’ यांची सांगड घातली. चिनी भाषेने त्याला ‘रानटी मन’ म्हटले. लांडग्याचे पिल्लू पाळले तरी त्याचे मन रानातच, हा त्यामागचा जुना दृष्टान्त. अरबीत तेवढी नजर वर जाते, हे मला आवडले. जपानची गंमत और आहे. 1877 साली क्लार्क नावाचे अमेरिकन प्राध्यापक साप्पोरो सोडून निघताना विद्यार्थ्यांना महत्त्वाकांक्षी होण्याचा उपदेश करून गेले. त्याचे जपानी रूपांतर रूढ झाले त्यात चिन्यांकडून आलेले ‘रानटी मन’ वगळून ‘थोर संकल्प’ या अर्थाचा शब्द योजला आहे. शब्द धुऊन घेतला म्हणा ना! पण उपदेश होता मुलग्यांना, हे विसरता कामा नये.

आता आपले मराठी. ‘महत्त्वाकांक्षा’ हा भारदस्त समास छापील पानावर शोभतो. घरात आपण ‘उमेद’, ‘जिद्द’, ‘ईर्षा’ असेच म्हणतो. आणि येथे मराठीने मोठे औदार्य दाखवले आहे. संस्कृतातली ‘ईर्ष्या’ म्हणजे शुद्ध मत्सर. आपण मात्र पोर ईर्षेने खेळले की पाठ थोपटतो. अरबीत विरोधाचा अर्थ घेऊन निघालेला शब्द हिंदीत ‘हट्ट’ झाला आणि आपल्याकडे ‘जिद्द’ होऊन सन्मानाला चढला. ‘उमेदवार’ तर लाख मोलाचा. रोमन माणसाने त्याच्या झग्यावरून नाव ठेवले. फारसीने, आणि तिच्यामागून आपण, त्याच्या मनातल्या आशेवरून. पूर्वी कचेरीत किंवा वकिलाकडे बिनपगारी राबत, काम शिकत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. त्या शब्दात याचना थोडी आणि घाम पुष्कळ आहे.

राहिली ‘आकांक्षा’. आपल्या नैयायिकांनी हा शब्द फार वेगळ्या ठिकाणी वापरला आहे. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे शब्द ओळीने उच्चारले तर त्यांचे वाक्य होत नाही, कारण एकाला दुसऱ्याची गरज नाही. ‘गाय’ म्हटल्यावर ‘आण’ किंवा ‘बांध’ यासाठी मन अडून राहते. ते अडून राहणे म्हणजे आकांक्षा. हाव नव्हे, काहीतरी पुरे व्हायचे राहिले आहे, ही जाणीव.

ही कसोटी घेऊन मी ‘मॅकबेथ’ पुन्हा वाचले. शिरवाडकरांनी 1954 मध्ये ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलेले तेच नाटक. महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणून ते मीही वर्षानुवर्षे शिकवले, आणि सारा दोष त्या बाईच्या पदरात टाकून मोकळा झालो. आता वाटते, मी धडधडीत चुकीचे शिकवत होतो. खुनाचा विचार पत्नीला भेटण्याआधीच मॅकबेथच्या मनात डोकावून गेलेला असतो. आणि बाई स्वतःसाठी काय मागते? तिच्या आकांक्षेला स्वतःचे क्रियापदच नाही. राजा व्हायचे ते त्याने. तिने फक्त राजाची राणी. अडलेले वाक्य नवऱ्याच्या तोंडून पुरे करायचे, एवढी एकच वाट तिला मोकळी. माझ्या मते त्या नाटकातली भीषणता या कोंडीत आहे; आकांक्षा किती मोठी, हा प्रश्नच दुय्यम.

ही बाई आपल्या ओळखीची आहे. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरले राघोबादादांना. पेशवाई हवी होती त्यांना, आणि तिच्यासाठी पुढे इंग्रजांशी 1775 मध्ये सुरतेचा तह केला तोही त्यांनीच. पण लोकांच्या जिभेवर काय राहिले? दादा ‘राघोभरारी’, आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला! त्या अक्षरबदलाला आख्यायिकेपलीकडे भक्कम आधार नाही. तरी भाषेने त्याचा वाक्प्रचार करून ठेवला. एकाच घरात नवऱ्याच्या वाट्याला भरारी आली आणि बायकोच्या वाट्याला खाडाखोड.

दुसरी आनंदीबाईही महाराष्ट्रात झाली. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या, जाहीर भाषण केले. त्यात ‘मला मोठे व्हायचे आहे’ हा सूर नाही. इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, ती विद्या मी शिकून येते, असा आहे. नैयायिकांची आकांक्षा ती हीच. 1886 मध्ये त्या एम.डी. झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची 22 वर्षेही पुरी होण्याआधी, गेल्या. त्यांनाही नावे ठेवणारे थोडे नव्हते. तेव्हा ‘पण जरा’ असे सौम्य कोणी म्हटले नसेल, एवढाच फरक.

यंदा भाऊबीजेला भाची रुग्णालयातून तासाभरासाठी आली. हव्या त्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला आहे. मी हे सारे पुराण तिला ऐकवले. ती शांतपणे चकली खात होती.

“मामा, मग त्या बाईंनी मला काय म्हणायला हवं होतं?”

“उमेदवार,” मी म्हणालो.

“बिनपगारी राबणारा तो?” ती हसली. “पगार थोडा मिळतो बरं का! बाकी सगळं तस्संच.” मग घड्याळाकडे पाहून तिने चिवड्याचा डबा पिशवीत टाकला, आईच्या पाया पडली आणि रात्रपाळीला निघून गेली.