प्रकाशाचा विस्तार आणि संकोच

शास्त्रीय निबंधास वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, याविषयीं आपल्याकडे दुमत आहे. परंतु डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनीं रॉचेस्टर विद्यापीठांतून १९८५ सालीं प्रसिद्ध केलेला अवघ्या तीन पानांचा निबंध वाचला, म्हणजे तो वाङ्मयाच्या कसोटीवर घांसून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. स्ट्रिकलंड तेव्हां विद्यार्थिनी होत्या. २०१८ सालीं याच कार्याबद्दल या उभयतांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

निबंधाचा विषय थोडक्यांत असा. लेसरचा अत्यल्पकालीन स्पंद तसाच वर्धित केला, तर त्याच्या प्रखरतेनें वर्धकाची कांचच दुखावते. म्हणून प्रथम तो १.४ किलोमीटर लांबीच्या कांचतंतूंतून नेऊन ३०० पिकोसेकंदांपर्यंत ताणला. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटींवा भाग. तंतूंत लांब लहरी पुढें धांवतात, आंखूड मागें रेंगाळतात. सौम्य झालेला हा स्पंद वर्धित केल्यावर रेषाजालींच्या योगानें पुढच्या लहरींस लांबचा मार्ग दिला. मागच्यांनीं त्यांस गांठलें, आणि स्पंद २ पिकोसेकंदांचा झाला.

लेखकांचा मोठा गुण म्हणजे ऋणाची कबुली. ही युक्ति रडारशास्त्रांतील आहे, हें ते आरंभींच सांगतात. शीर्षकांतील पक्ष्याच्या चिवचिवाटाचें रूपकही तेथलेंच. उसनें कोणतें हें सांगितल्यामुळें स्वतःचें किती, तेंही स्पष्ट होतें. भाषा मात्र इतकी मितव्ययी, कीं सामान्य वाचकास वाटाड्याशिवाय वाट सांपडणें कठीण.

आजच्या आटोपशीर तंतु-लेसरांच्या वर्णनांत हा प्रांजळपणा नेहमींच आढळतो असें नाहीं. त्यांत ताणण्याबरोबर वर्धनही तंतूंतच होतें. बारीक गाभ्यांत प्रकाश दाटतो, लहरींचा क्रम बिघडतो, आणि स्पंद कितीही आवळला तरी त्याच्या पायथ्याशीं कांहीं ऊर्जा सांडलेली राहते. अखेरचा संकोचही पुष्कळदां तंतूबाहेर, उघड्या हवेंतील जालींवरच करावा लागतो. पोकळ गाभ्याचा तंतु हा एक तोडगा; पण त्यांतही प्रकाश पोकळींतूनच चालतो, कांचेंतून नव्हे. अशा वेळीं ‘सर्वस्वीं तंतुमय’ हें बिरुद जपूनच वापरावें. अशाच अत्यल्पकालीन स्पंदांनीं डोळ्याच्या पारदर्शक पटलावर शस्त्रक्रिया होते. तेथें सांडलेली ऊर्जा हा केवळ शब्दांचा प्रश्न राहत नाहीं.

यंत्र लहान झालें, हें कौतुकास्पदच आहे. पण त्याच्या मर्यादांची हकीकत त्याबरोबर आंखडूं नये. मराठींत विज्ञान लिहूं इच्छिणाऱ्यांनीं तीं तीन पानें अवश्य वाचावींत.