संबंधांचे जाळे आणि न्यायाचा प्रश्न : काप्रा यांच्या परिस्थितिकीय विश्वदृष्टीची चिकित्सा

प्रास्ताविक

यंत्रवादी विश्वदृष्टीकडून परिस्थितिकीय विश्वदृष्टीकडे वळले पाहिजे, हा विचार आपल्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा मांडला जातो की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या विचाराला व्यापक वाचकवर्ग मिळवून देणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रियात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्जॉफ काप्रा यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या ‘द टर्निंग पॉइंट’ (१९८२) आणि ‘द वेब ऑफ लाइफ’ (१९९६) या दोन ग्रंथांतील मध्यवर्ती भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काप्रा यांची मांडणी

काप्रा यांच्या मते सतराव्या शतकात देकार्त आणि न्यूटन यांच्या विचारांतून विश्वाची एक विशिष्ट प्रतिमा घडली. विश्व हे घड्याळासारखे यंत्र आहे. त्याचे सुटे भाग समजले की संपूर्ण यंत्र समजते, अशी ही प्रतिमा होय. भौतिकशास्त्रात तिला मोठे यश लाभले. परंतु पुढे वैद्यक, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनीही तिचा स्वीकार केला. परिणामी रुग्ण हा बिघडलेल्या अवयवांचा संच ठरला आणि निसर्ग हा अर्थव्यवहाराबाहेरचा, फुकट मिळणारा कच्चा माल ठरला. ‘द टर्निंग पॉइंट’चे खरे मोल येथे आहे. पर्यावरण, आरोग्य आणि अर्थकारण यांतील संकटे वेगवेगळी नसून त्यांच्या मुळाशी एकच विचारपद्धती आहे, हे काप्रा यांनी विद्याशाखांच्या भिंती ओलांडून दाखवून दिले. ‘द वेब ऑफ लाइफ’मध्ये प्रिगोजिन, मातुराना, वारेला आणि लव्हलॉक यांच्या संशोधनाच्या आधारे त्यांनी या टीकेला विधायक जोड दिली. सजीवसृष्टी ही वस्तूंची रास नसून संबंधांचे जाळे आहे, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे.

मात्र या मांडणीत ‘यंत्र’ आणि ‘जाळे’ हे दोन परस्परविरोधी ध्रुव मानले गेले आहेत. पहिल्यातून वर्चस्व जन्मते आणि दुसऱ्यातून सहभाव, असे गृहीत त्यामागे आहे. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर टिकते काय, हा खरा प्रश्न आहे.

‘परिसंस्था’ या संकल्पनेचा जन्म

परिस्थितिकीला तिचे नाव १८६६ मध्ये हेकेल यांनी दिले. पण तिची आजची पायाभूत संकल्पना, म्हणजे ‘परिसंस्था’, १९३५ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी मांडली. वनस्पतिसमूहाला एक महाजीव मानणाऱ्या क्लेमेंट्स यांच्या कल्पनेला आणि तिच्या समग्रतावादी समर्थकांना उत्तर म्हणून ती पुढे आली. टान्सली यांना सजीव आणि निर्जीव घटकांचा एकत्र विचार हवा होता. मात्र त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो भौतिकशास्त्रातील ‘संहती’ या कल्पनेचा. म्हणजे ज्या शास्त्राला काप्रा यंत्रवादाचा पर्याय म्हणून उभे करतात, त्याचा कणा भौतिकशास्त्राच्या भाषेतूनच घडलेला आहे. टान्सली यांनी महाजीवाची कल्पना नाकारल्याची नोंद काप्रा घेतात. परंतु त्या नकारामुळे स्वतःच्या मांडणीतील द्वंद्व कसे सैल होते, याचा विचार ते करीत नाहीत.

जाळे दिसते ते मोजमापातून

हीच गोष्ट पद्धतीच्या बाबतीतही खरी आहे. रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथातील कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेक सरोवराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील चिलटांच्या नाशासाठी १९४९ पासून डीडीडी हे कीटकनाशक वापरण्यात आले. प्रथम त्याचे प्रमाण पाण्याच्या सात कोटी भागांत एक भाग, एवढे अल्प होते. पुढे १९५४ आणि १९५७ मध्ये ते पाच कोटींत एक भाग असे वाढविले गेले. त्यानंतर सरोवरावरील ग्रीब पक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीचे पृथक्करण केले असता विषाचे प्रमाण दशलक्षात १६०० भाग आढळले. प्लवक जीवांत ते सुमारे ५ भाग होते आणि माशांत त्याहून कितीतरी अधिक. पाणी, प्लवक, मासा आणि पक्षी यांना जोडणारा धागा येथे स्पष्ट झाला. पण तो झाला एकेक ऊतक वेगळे काढून, तपासून आणि मोजून. विश्लेषणाला बाजूला सारणारी समग्र दृष्टी या सरोवराकडे पाहून हळहळली असती. पक्षी कशाने मेले, हे तिला सांगता आले नसते. म्हणून दोष भाग वेगळे करण्यात नाही. वेगळे केलेले भाग पुन्हा जोडून न पाहण्यात आहे.

समग्रता आणि सत्ता

सर्वांत गंभीर प्रश्न नीतीचा आहे. ‘होलिझम’ हा शब्द १९२६ मध्ये रूढ करणारे यान स्मट्स हे दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते. ट्रान्सवालमधील सत्याग्रहात गांधीजींना ज्यांच्याशी लढावे लागले, तेच हे स्मट्स. निसर्गातील लहानमोठ्या पूर्णांचे सुंदर चित्र रंगविणाऱ्या या विचारवंताने वांशिक विलगतेचा पुरस्कार केला आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांना समान राजकीय हक्क नाकारले. प्रत्येक भागाला पूर्णामध्ये त्याचे नेमून दिलेले स्थान असते, ही कल्पना विषमतेला किती सहज वापरता येते, हे यातून दिसते.

आपल्याला हे नवे नाही. वर्णव्यवस्थेचे समर्थनही समाजपुरुषाच्या एकसंध देहाच्या प्रतिमेने केले गेले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते तळे १९२४ मध्येच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झाले होते. तरीही जेथे गुराढोरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, तेथे माणसांना होता. आणि सत्याग्रहानंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. तळे, गुरे, माणसे आणि विधी हे सारे एका घट्ट जाळ्यात बांधलेले होते. संबंधांचा अभाव तेथे नव्हता, न्यायाचा होता.

काप्रा वर्चस्वाला विरोध करतात आणि सामाजिक परिस्थितिकी व स्त्रीवादी विचार यांची दखलही घेतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु दृष्टी बदलली की समता तिच्या मागोमाग येईल, असा त्यांचा विश्वास दिसतो. महाडचा अनुभव याउलट सांगतो. समता ही परिस्थितिकीय दृष्टीचे फळ नव्हे. ती तिची पूर्वअट आहे.

समारोप

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी आदेश दिले आणि त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. सर्व विद्याशाखांना जोडू पाहणारा हा विषय अनेकदा वेळापत्रकातील आणखी एक सुटा तास होऊन बसतो, ही विसंगती अध्यापकांना अपरिचित नाही. ती दूर करण्यासाठी काप्रा यांचे ग्रंथ उपयुक्त आहेतच. मात्र त्यांच्यासोबत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि महाडचा इतिहास हेही वर्गात आले पाहिजेत. जलचक्राची आकृती फळ्यावर काढल्यानंतर, आपल्या गावातील विहिरीच्या पाण्यात काय मिसळले आहे आणि त्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होते व कोण नाही, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय ती आकृती पूर्ण होत नाही.